थायलंडला निघालेला सभासद

मुलीनं फोनवर "उबदार आणि स्वस्त" असे दोन शब्द वापरले, तेव्हा आमच्या ओसरीवरचे पत्रे उन्हानं कडकड वाजत होते. चैत्र अजून संपायचा होता. मुलगी कॅनडात असते. तिकडे दारातला बर्फ फावड्यानं ओढावा लागतो, आणि म्हणून तिकडची माणसं निवृत्त झाली की उबदार आणि स्वस्त देशात जाऊन राहतात, असं तिनं आम्हाला समजावून सांगितलं. तिच्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणाचे तरी आईवडील थायलंडमध्ये समुद्राकाठी राहतात. छोटं घर, डॉक्टर जवळ, भाजीबाजार जवळ. "बाबा, तुमच्या पेन्शनीत आरामात भागेल. तुम्ही दोघं विचार करा."

मी म्हणालो, "उबदार म्हणशील तर आम्ही आष्टी तालुक्यात राहतो. आणि स्वस्त म्हणशील तर इथल्या माणसाइतकं स्वस्त जगात काही मिळत नाही."

"तुम्ही टोमणे मारा. आईकडे द्या फोन."

आई म्हणजे माझी बायको. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "तिथं नळाला पाणी किती दिवसांनी येतं?"

मग मुलगी म्हणाली, "आई, येत नाही गं. असतंच."

बायकोनं फोन माझ्या हातात दिला आणि ती आत गेली. जाताना म्हणाली, "बघून यायला काय हरकत आहे?" लग्नाला एवढी वर्षं झाली, तिनं सिनेमाला जाऊ या असंसुद्धा कधी एवढं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

आमच्या नळाला पाणी येत नाही. नळ आहे. तो पंचायतीनं बसवला, त्याचं उद्घाटन झालं, त्याला हार घातला होता. हार वाळून पडला तेवढ्या काळात त्यातून जे काही आलं ते आलं. पावसानं दोन वर्षं दगा दिला होता आणि गाव टँकरवर होतं. टँकर यायची वेळ ठरलेली नसे, म्हणून बायकोची झोप, जेवण, औषध, माहेरचं लग्न, सगळं टँकरच्या भरवशावर. मी शाळेत इतिहास शिकवत असे. मुलांना मी मोठमोठ्या वेढ्यांच्या गोष्टी सांगितल्या, किल्ल्यात पाणी कसं पुरवून वापरलं ते फळ्यावर काढून दाखवलं. तसला वेढा माझ्या स्वयंपाकघराला कायमचा पडलेला होता आणि तो एकटी बायको लढवत होती, हे मला दिसत होतं. पण ते पाठ्यपुस्तकात नव्हतं.

यात निसर्गाचा हात किती आणि माणसाचा किती, हे एकदा नीट सांगतो. गावाजवळ साठवण तलाव आहे. मी नोकरीला लागलो त्या काळात गावानं उपसा सिंचन सहकारी संस्था काढली. घरटी एक सभासद झाला. तलावापासून गावापर्यंत पाइपलाइनचा चर गावानं स्वतः खोदला. शाळा सुटल्यावर मी खोदला, माझ्या बायकोनं पाट्या वाहिल्या, तेव्हा ती नवी नवरी होती आणि तिच्या हातांवरची मेंदी मातीनं निघाली. ठरलं असं होतं की पाइपलाइनीचं पाणी आधी शाळेजवळच्या गावविहिरीत सोडायचं आणि उरलं की शेतांना. सहकार म्हणजे काय ते मला त्या चरात उभा असताना कळलं असं वाटलं होतं. भाबडेपणाची मला लाज नाही. तेव्हा सगळा चरच भाबडा होता.

पाइपलाइनीवर दोन व्हॉल्व्ह बसले. एक गावविहिरीचा, एक शेतांचा. हळूहळू विहिरीचा व्हॉल्व्ह "नादुरुस्त" झाला. शेतांचा व्हॉल्व्ह मात्र कधी आजारी पडला नाही. तो जिथं उघडतो तिथं संस्थेच्या चेअरमनचा ऊस आहे. संस्थेला आजवर हा एकच चेअरमन झाला. आधी त्याचा बाप होता, पण फोटोत फरक कळत नाही. दुष्काळात आमच्याकडे रस्त्याच्या दोन्ही अंगांना नुसती भेगाळलेली माती असते, आणि मध्येच एका ठिकाणी हिरवा ऊस माणसाच्या डोक्यावर गेलेला दिसतो. परगावचा माणूस एसटीतून ते बघून म्हणतो, वा, इथं पाणी आहे वाटतं.

आणि टँकर? टँकर चेअरमनचाच. त्यावर चेअरमनचा हात जोडलेला फोटो आणि खाली "सौजन्य". पाणी त्याच तलावातलं. म्हणजे आम्ही खोदलेल्या चरातून जे आमच्या विहिरीत यायचं, तेच पाणी फोटोसकट आमच्या दारात येई आणि वर आम्ही आभार मानायचे. मी पुष्कळ वाचलेलं आहे. राजेरजवाडे, सुलतान, निजाम, सगळ्यांच्या तऱ्हा वाचल्या. लोकांचं पाणी घेऊन लोकांनाच दान करणारा आणि त्यावर स्वतःची तसबीर चिकटवणारा मला पुस्तकात कुठं भेटला नाही.

माझ्याकडे करण्यासारखं एकच होतं. वार्षिक सर्वसाधारण सभेत मी दरवर्षी उभा राहून विचारायचो, "विहिरीचा व्हॉल्व्ह कधी उघडणार?" चेअरमन दरवर्षी म्हणायचा, "सरांचा प्रश्न लई मोलाचा हाय. नोंद घेतली हाय." मग पुढचा विषय. सभा कशी चालते हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून पटायचं नाही. सचिव विषय वाचायला तोंड उघडतो, आणि वाक्य संपायच्या आत मागून आरोळी येते, "मंजूर! मंजूर!" अहवाल मंजूर, ताळेबंद मंजूर, मागच्या सभेचं इतिवृत्त मंजूर. मग भेळ. माझा प्रश्न हा त्या सभेतला भेळेआधीचा एकुलता एक अडथळा होता.

वैशाखात आम्ही महिनाभरासाठी थायलंडला गेलो. तिकिटं मुलीनं काढली. गावात ही बातमी फुटली तेव्हा पारावरची सगळी तोंडं एकदम रुंदावली. कारण आमच्या भागात थायलंड म्हटलं की संचालक मंडळाचा अभ्यास दौरा. उसाच्या लागवडीचा अभ्यास करायला संचालक तिकडं जातात आणि अभ्यासाविषयी परत आल्यावर घरी एक अक्षर बोलत नाहीत.

"सर, तुमीबी?" पारावरचा एक जण म्हणाला.

"बायकोला घेऊन चाललोय."

"मंग कशाला चाललाव?"

यावर पार इतका हसला की मलाही हसू आलं.

समुद्राकाठचं गाव लहान होतं. आम्हाला मिळालेलं घर दोन खोल्यांचं. घरमालकीण शेजारीच राहायची, आमच्याच वयाची, ठेंगणी, सतत काहीतरी चिरत किंवा निवडत बसलेली. अंगणात खांबावर एक छोटं देऊळ होतं आणि त्यातल्या देवाला ती लाल सरबताची बाटली ठेवायची, स्ट्रॉ घालून. बायकोला ती व्यवस्था फार पसंत पडली. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं आणि दुसऱ्या दिवसापासून त्या तासन्‌तास बोलत होत्या.

आम्ही पोचलो त्याच्या दुसऱ्या सकाळी मालकीण पपई घेऊन आली आणि दारातच थबकली. मीही तेव्हाच बाहेरच्या खोलीत येत होतो. ओट्यावर, जमिनीवर, टेबलावर, खुर्चीवर पाणी भरून ठेवलेलं. पातेली, पेले, चहाचे कप, भात शिजवायच्या यंत्रातलं भांडं, बादली, कपडे धुवायचा टब, फुलं काढून घेतलेली फुलदाणी. प्रत्येक भांड्यावर झाकण. झाकणं संपल्यावर बशा, बशा संपल्यावर मुलीनं दिलेलं पर्यटनाचं माहितीपुस्तक. बायकोनं पहाटे उठून सगळं भरलं होतं. तिला विचारलं तर म्हणाली, "आलंय तोवर भरून घेतलं."

मालकिणीचा समज असा झाला की नळ बिघडला आहे आणि हे बिचारे पाहुणे काल रात्रीपासून थेंब थेंब साठवत बसलेत. ती पपई तशीच टाकून धावली आणि भावाला पान्यासह घेऊन आली. भावानं नळ सोडला. पाणी धो धो आलं. त्यानं बंद केला, परत सोडला. परत आलं. मग भाऊ, बहीण दोघंही आमच्याकडे बघत उभे राहिले. त्यांना काय सांगायचं? मी इंग्रजीत म्हणालो, "सवय." ते हसले, वाकून नमस्कार केला आणि गेले.

बायकोही हसली होती. ते गेल्यावर तिनं भांडी एकेक करून मोरीत ओतायला सुरुवात केली, मग मध्येच थांबली, आत न्हाणीघरात गेली आणि नळ सोडला. नुसता सोडला. खाली बादली नव्हती. मी बाहेरून ओरडलो, "अगं, नळ बंद कर!"

"नाही करत," ती आतून म्हणाली.

ते पाणी वाहतानाचा आवाज मी बाहेर बसून ऐकला. जागेवरून उठून तो बंद करण्याची माझी हिंमत झाली नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मला संताप आला, आणि तो इतका आला की समुद्राकाठच्या त्या छानदार खोलीत बसून मी गावाकडच्या चेअरमनला मोठ्यानं शिवी दिली. जन्मात कधी न दिलेली शिवी मला एवढ्या लांब जाऊन सुचली.

पुढच्या दिवसांत तिथं आमच्यासारखेच निवृत्त झालेले एक युरोपियन गृहस्थ ओळखीचे झाले. अर्धी चड्डी, तांबडी झालेली पाठ, स्वभावानं चांगले. रोज समुद्रावर भेटायचे आणि काय काय किती स्वस्त पडतं ते सांगायचे. एकदा म्हणाले, "इथली माणसं थोड्यात किती समाधानी असतात बघा." तेव्हा त्यांच्यासमोर एक बाई उन्हात टोपली घेऊन त्यांना कणसं विकत होती. मी तिच्याकडे बघितलं. मला ती समाधानी वाटली नाही, दमलेली वाटली. पण मी तिचा चेहरा वाचायला अधिकारी नव्हतो आणि तेही नव्हते. त्यांनी विचारलं, तुमच्या भागात लोक निवृत्त झाल्यावर बाहेर जातात का? मी सांगितलं, आमच्या भागात लोक निवृत्त व्हायच्या पुष्कळ आधी जातात. दिवाळी झाली की बैल, कोंबड्या, लेकरं ट्रॅक्टरवर घालून निम्मं गाव ऊस तोडायला दुसऱ्या जिल्ह्यांत जातं आणि उन्हाळ्यात परत येतं. "अच्छा, म्हणजे हंगामी स्थलांतर! फार रोचक," ते म्हणाले. मी त्यांच्यावर रागावलो नाही. रोचक हा शब्द मीही वर्गात वापरला होता.

एक मात्र खरं. बायको तिथं उठायची तेव्हा तिला ऐकायचं काही नसायचं. गावाकडं ती झोपेतही टँकरच्या इंजिनाकडे एक कान ठेवून असे. तिथं तो कान मिटला. कोपऱ्यावर पिण्याच्या पाण्याचं यंत्र होतं, नाणं टाकलं की बाटली भरे, आणि त्याच्यासमोर कुणीच रांगेत नसे. ती रोज मुद्दाम ते बघायला जायची. ज्वारीचं पीठ संपलं, मासळीच्या वासानं तिला मळमळायचं, भात खाऊन खाऊन तिचं पोट बिघडलं, तरी निघायच्या दिवशी ती म्हणाली, "मला इथं राहायचंय."

आम्ही परतलो. मी "बघू" म्हणत राहिलो. मृगानं तोंड दाखवलं आणि गेला. गावात मात्र आमचं ठरलं असं गृहीत धरून लोक बोलू लागले, आणि एक दिवस चेअरमन स्वतः पेढे घेऊन घरी आला.

"सर, गावाचं नाव काढलं. आपला मानूस फारिनला राहनार म्हंजे काय खायचं काम हाय?"

"अजून ठरलं नाही," मी म्हणालो.

"ठरतंय हो. वैनींचं मन हाय ना? मग झालं. आमी गेलतो ना तिकडं, लई भारी देश. कसा ऊस!"

"फक्त ऊसच पाहिलात ना?" बायकोनं आतून विचारलं. चेअरमननं पेढा एकदम तोंडात टाकला.

भाद्रपदात सर्वसाधारण सभा झाली. शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लागला होता. डावीकडे चेअरमन, उजवीकडे चेअरमनचे कैलासवासी वडील, मध्ये विमान, आणि विमानाच्या चाकाखाली माझा निवृत्तीच्या वेळचा फोटो. मी आत शिरताच दोघांनी धरून मला व्यासपीठावर बसवलं. विषय भराभर मंजूर झाले. मी माझा प्रश्न विचारायला उठणार, तेवढ्यात सचिवानं "आयत्या वेळचे विषय" असं पुकारलं, आणि पहिला विषय मीच होतो. एकानं डोक्याला फेटा गुंडाळायला घेतला. दुसऱ्यानं खांद्यावर शाल टाकली. एका हातात नारळ, दुसऱ्यात गुच्छ, फेट्याचा पदर तोंडावर. आणि मी त्या अवस्थेत असताना सचिवानं ठराव वाचला: आमचे आदरणीय सर परदेशी कायम वास्तव्यास जात आहेत, ही सभा त्यांचं हार्दिक अभिनंदन करते, त्यांच्या पुढील आयुष्यास शुभेच्छा देते, आणि ते गावात राहणार नसल्यामुळे त्यांचं सभासदत्व कमी करण्यात येत आहे.

"मंजूर! मंजूर!"

मी फेट्यातून तोंड बाहेर काढून म्हणालो, "थांबा! मी कुठंही गेलेलो नाही!" त्यावर टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं सर भावुक झाले. "व्हॉल्व्ह!" मी ओरडलो. चेअरमननं माइकवरून सांगितलं, "सरांना गाव सोडवत न्हाई. मानूस हाय शेवटी." एका म्हातारीनं खरंच डोळे पुसले. पुढं भेळ आली.

पुष्कळ अपमान मी पाहिलेत. बहुतेकांना निदान अपमानासारखा चेहरा असतो. इथं नारळ होता, शाल होती, टाळ्या होत्या आणि त्यांच्या आड मला माझ्याच खोदलेल्या चरातून बाहेर काढलं होतं. विरोध करायचा तर आधी गुच्छ कुठं ठेवायचा हा प्रश्न.

घरी येऊन मी फेटा कोपऱ्यात भिरकावला. "आता कुठंही जायचं नाही! उपनिबंधकाकडे तक्रार करणार. ठराव रद्द करून घेणार. तोवर मी या गावातून हलत नाही, त्याच्या उरावर बसणार!"

बायको ज्वारी निवडत होती. "बसा," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे बसा. तुम्ही दर वर्षी उभे राहता, प्रश्न विचारता, घरी येऊन दोन दिवस धुमसता. त्या दोन दिवसांतही टँकरवर मीच असते. तुमच्या भांडणाचं पाणी आजवर कुणी वाहिलं?"

"मग काय, त्याला जिंकू द्यायचं?"

"त्याचं काय मला? मला त्याच्याशी भांडायचं नाही, तुमच्याशीही नाही. पोरीकडं नको, तिकडं गारठा आहे आणि तिचा संसार आहे. मला नळ पाहिजे. गुडघे आहेत तोवर पाहिजे. गुडघे गेल्यावर नळ मिळाला तर तो काय डोक्यावर ओतून घेऊ?" मग जात्यात दाणे घालावेत तसा एकेक शब्द टाकत ती म्हणाली, "तुम्ही या, नाहीतर येऊ नका. मी दिवाळी झाल्यावर जाणार."

मी दोन दिवस धुमसलो. तिसऱ्या दिवशी बीडला जाऊन तक्रार दिली आणि तारीख पडली की हजर राहीन असं लिहून दिलं. दिवाळीनंतर बॅगा भरल्या. इतक्या वर्षांत चेअरमनचा आणि माझ्या बायकोचा एकाच गोष्टीनं फायदा झाला तो हाच, आणि त्या गोष्टीवर मला माझ्या हातानं सही करावी लागली. याचा राग मला अजून आहे. तो कोणावर काढावा हे कळत नाही, म्हणून तो मी जपून ठेवला आहे.

निघायच्या सकाळी दारात चेअरमनची पांढरी गाडी उभी. पुण्याच्या विमानतळापर्यंत सोडायला, सौजन्यानं. मी म्हणालो, या गाडीत पाय ठेवणार नाही. बायकोनं गाडीत डोकं घालून बघितलं. "गार आहे आत," ती म्हणाली आणि बॅगा घेऊन पुढच्या सीटवर बसली. "तुम्ही या मागून एसटीनं. पुण्यात भेटू." काच वर गेली.

मी आष्टी-पुणे गाडी धरली. कंडक्टर ओळखीचा, माझ्याच हाताखालून नापास झालेला.

"सर, फारिनला निघालाव म्हनं? आन् मंग लाल डब्यानं?"

"चेअरमनच्या गाडीत जागा नव्हती."

"आसं कसं? बाई तर आत्ता गेल्या म्होरनं. मागं सगळी गाडी रिकामी व्हती."

मी खिडकीकडे बघितलं. त्यानं मशीनमधून तिकीट काढलं. "परत कवा?"

"तारखेला."

"आन् बाई?"

"बाई येणार नाहीत."

त्यानं तिकीट माझ्या हातात दिलं. मग म्हणाला, "बराबर हाय त्यांचं. आमच्या घरातलीबी तेच म्हन्ती. फक्त तिला कोन घिऊन जायला न्हाई." आणि पुढच्या सीटकडे गेला.